संपकाळाच्या आठवणी : आशय आणि रूप

श्रमिकाच्या आठवणींविषयी मराठी समीक्षेची भूमिका बहुधा आदराची, परंतु अर्धवट आदराची राहिली आहे. त्यांतील आशयापुढे समीक्षक नतमस्तक होतो. रूपाविषयी मात्र मौन पाळतो. अशा आठवणी म्हणजे इतिहासाचा कच्चा माल, वाङ्मय नव्हे, असे या मौनामागील गृहीत असते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी संपकाळाविषयी जे सांगितले आहे, त्याच्या आधारे हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी हा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगावातील माणसांची निवेदने मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केली; ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा त्यांचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला.

संपकाळाच्या अशा आठवणींचे पहिले लक्षण म्हणजे हिशेब. वाण्याच्या वहीतली बाकी, गहाण पडलेला डाग, गावाहून आलेले तांदूळ, मुलाची थकलेली फी या क्रमाने काळ मोजला जातो. दुःखाचे वर्णन जवळजवळ नसते. याला रूक्षता म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याचे जगणे पगाराच्या दिवसावर टांगलेले असते, त्याच्या दृष्टीने आकडा ही माहिती नसते, तो अनुभवच असतो. विशेषणांचा अभाव येथे कलेच्या अज्ञानातून आलेला नाही. जे मोजता येते तेवढेच बोलावे, या संयमातून तो आला आहे.

तथापि प्रत्येक हिशेबात एक बाजू झाकलेली राहते. कुटुंब गावी ठेवून आलेले कोकणातले व घाटावरचे कामगार पिढ्यान् पिढ्या बायकांनी चालविलेल्या खानावळींत जेवत आले. अशा बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. कामगाराचा पगार हेच या बायकांचे उत्पन्न. पगार थांबला की त्यांची चूलही संकटात. ‘उधारीवर भागवले’ असे जेव्हा निवेदक सांगतो, तेव्हा त्या क्रियापदाचा खरा कर्ता पडद्याआडच असतो. स्वतःच्या कर्जाविषयी प्रामाणिक असलेली स्मृती कित्येकदा धनकोच्या झिजेविषयी मूक असते. हे मौन ऐकणे हे समीक्षकाचे काम आहे; केवळ सहानुभूतीने ते साधत नाही.

दुसरे लक्षण रचनेचे. हा संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. काही कामगार परतले, अनेकांना पुन्हा घेतले गेले नाही, अनेक गावी गेले, पुढे गिरण्याही बंद पडत गेल्या. घटनेलाच शेवट नसल्यामुळे आठवणीलाही तो सापडत नाही. कथन पुढे सरकते, थांबते, पुन्हा १९८२ कडे वळते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात गिरणी कामगाराच्या कुटुंबाची जी लोंबकळती अवस्था शीर्षकापासूनच सूचित होते, ती नाटककाराने कलात्मक निवड म्हणून स्वीकारलेली आहे. कामगाराच्या तोंडी तीच अवस्था अपरिहार्यता म्हणून येते. दोहोंची प्रत भिन्न असेल. परंतु एकाला रूप आहे आणि दुसऱ्याला नाही, असे म्हणता येणार नाही.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. मुख्यत्वे मराठीत जगलेले आयुष्य येथे ग्रंथरूपाने प्रथम इंग्रजीत आले. अर्थ भाषांतरात टिकतो. शब्दाचा व्यवहार टिकेलच असे नाही. ‘बदली’ हा शब्द घ्या. कायम कामगाराचा खाडा पडला तरच काम मिळेल, या आशेने पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभे राहणे त्या शब्दात सामावलेले आहे. ‘पर्यायी कामगार’ म्हटले की व्याख्या हाती येते, पण ते उभे राहणे नाहीसे होते.

अशी निवेदने प्रश्नकर्त्याच्या उपस्थितीत, बऱ्याच वर्षांनंतर घडतात; संपादनात त्यांचा क्रम बदलू शकतो. म्हणून त्यांना निर्भेळ सत्य मानण्याचे कारण नाही. परंतु आत्मचरित्र तरी याहून वेगळे कोठे असते? आत्मचरित्राला जी चिकित्सा लागू होते, तीच येथेही लागू करावी. गिरणी कामगाराच्या शब्दांना दया नको आहे; त्यांना काटेकोर वाचन हवे आहे, आणि ते देण्यात मराठी समीक्षेने पुष्कळ उशीर केला आहे.