ओव्हरकोटातला राष्ट्रवीर

मनिलाच्या रिझाल पार्कमध्ये फिलिपिन्सचे राष्ट्रवीर होसे रिझाल ब्राँझमध्ये उभे आहेत. घोडा नाही, तलवार नाही. अंगात ओव्हरकोट आणि हातात पुस्तक. बारमाही उकाड्याच्या शहरात हा जाड कोट कशाला, अशी टीकाही झाली होती. मला तर हे शिल्प त्या कोटामुळेच कळतं. डोळ्यांचे डॉक्टर असलेले रिझाल युरोपात शिकले, १८८७ साली पहिली कादंबरी त्यांनी बर्लिनमध्ये छापून घेतली आणि स्पॅनिश सत्ता खवळणार हे ठाऊक असूनही ते मायदेशी परतले. परदेशात सुखानं राहू शकला असता असा माणूस इथे उभा आहे, हे तो कोट सांगतो. हातातलं पुस्तक हा त्यांच्यावरचा आरोपच होता म्हणा ना! ३० डिसेंबर १८९६ रोजी याच मैदानावर, वयाच्या ३५व्या वर्षी त्यांना पाठीत गोळ्या घालून मारण्यात आलं.

स्मारकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस इटलीच्या कार्लो निकोलींना मिळालं, पण काम आलं दुसऱ्या क्रमांकाच्या रिशार्ड किसलिंग या स्विस शिल्पकाराकडे. याच किसलिंगनी १८९५ मध्ये आल्टडॉर्फला स्विस दंतकथेतला वीर विल्यम टेल घडवला होता, खांद्यावर क्रॉसबो घेतलेला. लेखकाच्या हाती मात्र त्यांनी पुस्तकच दिलं. इतकंच नव्हे, मागच्या ग्रॅनाइट स्तंभाच्या पायाशी मूल घेतलेली आई आणि वाचनात गढलेली मुलं बसवली. वरचं पुस्तक खाली वाचलं जातंय! या स्मारकातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही.

स्मारकाचं अनावरण १९१३ च्या स्मृतिदिनी झालं. त्याआधी वर्षभर रिझाल यांच्या अस्थी चौथऱ्यात ठेवल्या होत्या. गोळ्या घातल्यावर स्पॅनिश सरकारनं त्यांना पाको दफनभूमीत गुपचूप पुरलं होतं. बहीण नार्सिसा हिनं ती जागा हुडकून काढली आणि ओळख लपावी म्हणून खुणेच्या दगडावर आद्याक्षरं उलट्या क्रमानं कोरवून घेतली: आर. पी. जे. तिच्या या चिकाटीमुळेच हा पुतळा नुसता पुतळा न राहता समाधी झाला.

१९६१ साली, जन्मशताब्दीला, स्तंभावर पोलादी मनोरा चढवून त्याची उंची दुपटीहून जास्त वाढवली गेली. त्या झगमगाटापुढे खालचा माणूस खुजा दिसू लागला. लोकांनी नाकं मुरडली, आणि १९६३ मध्ये मनोरा उतरवावा लागला.