डोंगर, सुटी आणि कुत्रें

सुटी कशी घालवावी ह्या विषयावर मराठींत थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. लघुनिबंध, प्रवासवर्णन आणि विनोदी लेख ह्या तिन्ही प्रकारांत सहल पुनःपुन्हा येते. परंतु कुत्रीं बरोबर घेऊन डोंगर हिंडणाऱ्या गृहस्थाचें, व त्याहूनहि त्या कुत्र्यांचें, खरें चित्र आमच्या वाचनांत फारसें आलेलें नाहीं. ही उणीव आम्हांस एरवीं जाणवली नसती. ती जाणवली २०२६ च्या जानेवारींत, प्रजासत्ताकदिनाला लागून शनिवार-रविवार आले तेव्हां.

त्या तीन दिवसांसाठीं आम्ही पुरुषोत्तमनगरास धाकट्या बंधूंकडे गेलों होतों. शहादे तालुक्यांतील ही वसाहत साखर कारखान्याच्या आश्रयानें वाढलेली आहे. जानेवारी म्हणजे उसाचे दिवस. रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग. बंधूंचीं दोन कुत्रीं, मोती आणि चिंगी, बरोबर घ्यावीं, म्हसावद-राणीपूरच्या वाटेनें मोटारीनें तोरणमाळ गांठावें, आणि मग पायीं हिंडावें असा बेत ठरला. तोरणमाळ हें सुमारें १,१५० मीटर उंचीवरचें ठिकाण. तेथें यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, गोरखनाथाचें देऊळ आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते.

तीस वर्षें साहित्य शिकविणाऱ्या माणसाच्या डोक्यांतून पुस्तकें सुटीच्या दिवशींहि उतरत नाहींत. घाट चढतांना आमच्या मनांत अर्थातच महाभारतांतील महाप्रस्थानाचा प्रसंग आला. बंधू आणि द्रौपदी वाटेंत पडलीं. शेवटपर्यंत बरोबर राहिलें तें कुत्रें. त्याला टाकून इंद्राच्या रथांत बसण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें. ह्या कथेइतका कुत्र्याचा गौरव जगाच्या वाङ्मयांत क्वचितच झाला असेल. परंतु शेवटीं त्या कुत्र्याचें काय होतें? तो साक्षात् धर्म होता असें उघड होतें, आणि कुत्रें नाहींसें होतें. गौरव झाला तो धर्माचा. श्वानाचें रूप तेवढें उसनें घेतलेलें.

महाराष्ट्राच्या स्मारकांतहि हीच रीत दिसते. संगम माहुलीस शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधि आहे. रायगडावर १९३६ सालीं वाघ्याचें स्मारक उभें राहिलें, आणि त्याला ऐतिहासिक आधार आहे कीं नाहीं हा वाद २०२५ सालींहि पेटला. त्या वादांत कोणती बाजू खरी हें इतिहासज्ञांनीं ठरवावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दोन्ही बाजूंना हवी आहे ती निष्ठेची साक्ष. खऱ्या कुत्र्याशीं कोणासच फारसें कर्तव्य नाहीं. इमान हें एकच बिरुद आपण ह्या प्राण्याच्या गळ्यांत बांधलें, आणि मग त्याच्याकडे पाहण्याचें सोडून दिलें. विनोदी वाङ्मयांत हें बिरुद उतरतें, पण तेथें त्याची जागा उपद्रव घेतो. पु. ल. देशपांडे यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख आम्ही किती वेळां वाचून हंसलों असूं तें सांगवत नाहीं. तथापि त्यांतील खरा विषय पाळीव प्राणी पाळणारीं माणसें हाच आहे.

इंग्रजी वाङ्मयांत निराळी तऱ्हा आढळते. हॅझलिटनें १८२२ सालच्या आपल्या निबंधांत पायीं प्रवास एकट्यानेंच करावा असें सांगितलें. पण जेरोमनें १८८९ सालीं नौकेंतून सहलीला निघालेल्या तीन मित्रांबरोबर एक कुत्राहि बसविला, आणि त्याला स्वतःचीं मतें दिलीं. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकांत जिम कॉर्बेटनें आपल्या रॉबिनवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें. तेथें कुत्र्याचें नाक आणि माणसाची बंदूक एकाच कामाला लागलेलीं आहेत. कॉर्बेटला रॉबिनची स्तुति करावी लागत नाहीं. तो काय करतो तें सांगितलें कीं पुरे होतें.

हे विचार चालू असतांनाच आमची परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उतारावरच्या पाऊलवाटेनें जातांना आम्हीं मोतीची सांखळी सोडली. सुटी सर्वांनाच असावी, हा आमचा उदार विचार. वळणापलीकडे शेळ्यांचा कळप होता. मोती त्यांत घुसला, शेळ्या उधळल्या, एक करडूं दगडांवरून घसरून लंगडूं लागलें. कळपाबरोबर एक पावरा म्हातारा आणि त्याचें हडकुळें कुत्रें होतें. तें भुंकलें नाहीं कीं झोंबलें नाहीं. शेळ्या आणि मोती ह्यांच्या मध्यें जाऊन नुसतें उभें राहिलें. मोती मागें सरला आणि आमच्या पायांआड लपला.

आम्हीं क्षमा मागितली, पैसेहि पुढें केले. म्हाताऱ्यानें ते घेतले नाहींत. करडाचा पाय चोळीत त्यानें मोतीकडे पाहून विचारलें, “बाबा, हा काम काय करतो?”

“कांहीं नाहीं. आमच्याबरोबर फिरतो.”

त्यानें थोडा विचार केला आणि म्हटलें, “मग त्याला फिरायला तरी शिकवा.”

ह्या वाक्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. इतकीं वर्षें विद्यार्थ्यांकडून ‘इमानी प्राणी’ ह्या विषयावर आम्हीं निबंध लिहवून घेतले. पण त्या प्राण्याला काय येतें, काय शिकवावें लागतें, आणि त्याच्या मोकळेपणाची किंमत कोण देतो, हे प्रश्न आम्हीं कधीं घातले नाहींत. त्या सकाळीं ती किंमत एका करडानें दिली होती.

पुढच्या वाटेवर मोती सांखळींत होता. तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. आम्ही दरीकडे पाहत होतों. तो दर दहा पावलांवर थांबून जमीन हुंगत होता. आमचें डोंगरवर्णन जवळजवळ सगळें डोळ्यांचें आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’सारख्या ग्रंथांत डोंगर बोलतो तो मुख्यतः इतिहासाच्या मुखानें, आणि सह्याद्रीला तें शोभतेंहि. पण ज्या उतारावर आम्ही उभे होतों तेथें बुरूज नव्हता. कुत्रें वाचीत होतें तो इतिहास आज पहाटेचा होता : येथून कोण गेलें, शेळ्या कोणत्या बाजूला वळल्या, झोंपडी किती जवळ आहे. आम्हांस निर्जन भासलेली ती टेकडी त्याच्या लेखीं वस्तीनें भरलेली होती, आणि त्याचेंच खरें होतें. दुर्गाबाई भागवतांनीं ‘ऋतुचक्रां’त (१९५६) झाडाझुडपांकडे महिन्यामागून महिना जें धिमें लक्ष दिलें, तसें लक्ष आपल्या पायांशीं चालणाऱ्या ह्या प्राण्याला मिळालें, तर आपल्या सहलीच्या लेखांत डोंगरावर राहणारीं माणसेंहि आपोआप येतील असें आम्हांस वाटतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, सुटीच्या लेखाकडून एवढी अपेक्षा कशाला? त्यानें घटकाभर मन रमविलें म्हणजे झालें. आम्हांसहि मन रमवावयाचें होतें, आणि तें रमलेंहि. यशवंत तलावाच्या कांठीं संध्याकाळीं दोन्ही कुत्रीं अंगाला अंग लावून झोंपलीं होतीं, तो आनंद आम्ही विसरणार नाहीं. परंतु आपला आनंद दुसऱ्याच्या उतारावर चाललेला असतो एवढें जो लेख विसरतो, तो लेखक घरीं बसूनहि लिहूं शकला असता.

परत आल्यावर आम्हीं आमच्या वर्गाच्या निबंधाचा विषय बदलला आहे. ‘इमानी प्राणी’ काढून त्या जागीं ‘आपल्या गल्लींतील कुत्र्याचा एक तास’ असा विषय घातला आहे. अट एकच : तो तास त्याच्यामागें प्रत्यक्ष चालून पाहिलेला असावा.