दोन युद्धखेळ

'हॅलो ३' व 'कॉल ऑफ ड्यूटी ४' हे दोन्ही बंदुकीचे व्हिडिओ-खेळ २००७ सालचे. पहिल्यांतील चिलखती वीर परग्रहवासी शत्रूंशीं लढतो. तो कितीही वेळां पडो, पुन्हां उठतोच. मरण म्हणजे तेथें केवळ क्षणाचा खोळंबा! दुसऱ्यांतही बहुधा हाच प्रकार. परंतु अणुस्फोटानंतर कोसळलेल्या हेलिकॉप्टरांतून जॅक्सन हा सैनिक सरपटत बाहेर पडतो, तेव्हां खेळणाराच्या हातीं बंदूक नसते, समोर शत्रु नसतो. चार पावलें टाकून तो सैनिक मरतो, तो कायमचाच. रचनेची सफाई 'हॅलो'मध्यें अधिक, हें आम्हांस मान्य आहे. तथापि युद्धाचा खेळ करणाऱ्यानें युद्धाची किंमतही दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ती दुसऱ्यानें निदान एकदां पुरी केली. म्हणून आमचा कौल त्यालाच.