नावडती राजाची सून

राजघराण्यातली कथा म्हटली की आपल्याला महाल आठवतो. पण श्रावणातली शिवामुठीची कहाणी पाहा. राजाची सून, पण नावडती. म्हणून ती उष्ट्यावर जगते, गुरांमागे हिंडते. पुढे देव पावतो आणि ती आवडती होते. मुळात ती नावडती का, हे मात्र कहाणी सांगत नाही.

ग्रिम बंधूंनीही कथेला असाच मुलामा दिला. १८१२ साली हिमगौरीच्या जिवावर उठली होती ती सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली!

आपले लोणावळे ज्या मावळात वसले आहे, तिथल्या जात्यावर हा मुलामा टिकला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मावळ-मुळशीपासून राज्यभर लाखावर ओव्या जमवल्या. त्यांतली सीता जनकाची लेक खरी, पण आधी सासुरवाशीण. कैकयी तिच्याकडून रावणाचा अंगठा काढून घेते, चित्र स्वतः पुरे करते आणि वनवास सीतेच्या पदरी घालते. कहाणी सोसायला शिकवते. ओवी छळणाऱ्याचे नाव घेते.

वाचकहो, फराळानंतर मुलांना राजकन्येची गोष्ट जरूर सांगा. पण तिच्या गोठ्यावरून घाईघाईने पुढे जाऊ नका.