‘सुप्तावस्था’ : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

तणांच्या न रुजणाऱ्या बीजाला ‘सुप्तावस्थेतील बी’ म्हणण्याचा प्रघात मराठी कृषिलेखनात रूढ आहे. संज्ञा सुबोध आहे, संस्कृताच्या वळणाची आहे. परंतु पारिभाषिक संज्ञेची कसोटी सौष्ठव ही नसून भेदक्षमता ही होय. आणि त्या कसोटीस ही संज्ञा उतरत नाही.

जॉन हार्पर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५७ साली सुप्तीचे तीन प्रकार मानले : उपजत, मागाहून प्राप्त झालेली व परिस्थितीने लादलेली. भातखाचरातील सावावर्गीय तणाचे ताजे बी ओल व ऊब मिळूनही बहुधा रुजत नाही. ही उपजत सुप्ती. उलट, त्याच खाचरातील कित्येक तणांचे परिपक्व बी साचलेल्या पाण्याखाली प्राणवायूच्या अभावी अडून राहते आणि पाणी ओसरताच रुजते. हे बी निजलेले नव्हे, अडविलेले असते. म्हणूनच पुढील काळातील अनेक संशोधकांनी हा तिसरा प्रकार सुप्तीतून वगळला. मराठी संज्ञा मात्र अद्याप दोन्हींना एकच निद्रा बहाल करते.

भात हे मराठवाड्याचे मुख्य पीक नव्हे. नांदेड-लातूरकडील काळ्या रानात या संज्ञेची परीक्षा पाहतो तो ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. परिपक्व होऊन काही दिवस ओलीत राहिल्यावरही ते रुजत नाही. जवळच्या मुळातून स्रवणाऱ्या विशिष्ट द्रव्याचा संकेत त्यास लागतो. संकेत न येता ओल फार लांबली, तर ते पुन्हा सुप्तीत जाते. असा पहिला संकेतद्रव्य-पदार्थ, स्ट्रिगॉल, १९६६ साली वेगळा करण्यात आला. आणि तो मिळाला कापसाच्या मुळांतून. कापसावर टारफुला जगू शकत नाही. कापसाच्या रानात रुजलेले बी आधाराविना मरते. पीक-फेरपालटाचे मर्म यातच आहे.

‘सुप्त’ म्हटले की काळ लोटताच जाग येईल, अशी कल्पना वाचकाच्या मनात उभी राहते आणि रान पडीक ठेवणे हाच उपाय वाटू लागतो. बी कशाची वाट पाहते, हा खरा प्रश्न त्या शब्दाआड दडतो.

वस्तुतः मराठीजवळ भेदाची साधने आहेत. ‘रुजणे’ मातीखाली घडते, ‘उगवणे’ मातीवर दिसते. टारफुला उगवण्यापूर्वी कित्येक आठवडे रुजलेला असतो आणि पिकाची बरीचशी हानी तेवढ्यात होऊन जाते. ‘उगवण’ हा एकच शब्द दोहोंसाठी योजणाऱ्या लेखनात हा काळच गळून पडतो.

संज्ञा वाढविल्यास विद्यार्थी गोंधळेल, हा आक्षेप उपेक्षणीय नाही. तथापि आंतरिक कारणास ‘सुप्ती’, बाह्य अडथळ्यास ‘रोध’ आणि टारफुल्यासारख्या बीजास ‘संकेतापेक्षी’ असे तीनच शब्द पुरेसे आहेत. तीन भिन्न कारणांस एकच नाव देण्यात होणारा गोंधळ याहून मोठा आहे. आणि त्याची किंमत अखेर शेतकऱ्यास मोजावी लागते.