बापाचा सूड, पण कुणाच्या अटीवर?

जॉन ग्रिशॅम यांची 'अ टाइम टू किल' (१९८९) ही कादंबरी थरारकथा म्हणून खपते. मिसिसिपीचे वंशकारण तिच्या गाभ्याशी असल्याने मी ती राजकीय कादंबरी म्हणूनच वाचतो. दोन गोरे गुंड टोन्या या दहा वर्षांच्या काळ्या मुलीवर बलात्कार करतात. तिचा बाप कार्ल ली हेली त्यांना कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घालतो. गोऱ्या ज्यूरीपुढे खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो.

पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजातील वाचकाला हा शेवट सुखावतो, हे मी नाकारत नाही. प्रश्न असा, की ही सुटका कोणत्या अटीवर मिळते? ज्यूरीतील एक बाई इतरांना, ती मुलगी गोरी होती अशी कल्पना करायला लावते. १९९६ च्या चित्रपटात हेच आवाहन गोऱ्या वकिलाच्या तोंडी येते. म्हणजे काळ्या बापाचे दुःख आहे तसे न्यायाला पात्र ठरत नाही. ते आधी गोऱ्यांच्या घरात नेऊन ठेवावे लागते. व्यवस्था शाबूत राहते, तिला एकदा दया येते एवढेच. आणि जिच्यावर अत्याचार झाला ती टोन्या बापाच्या सूडाचे कारण म्हणून मागे उरते.

प्रत्यक्ष मिसिसिपीत १९५५ साली चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. गोऱ्या ज्यूरीने आरोपींना तासाभरात सोडले. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवून मुलाचा छिन्नविच्छिन्न देह जगाला दाखवला. त्यातून नागरी हक्कांच्या चळवळीला बळ मिळाले.

इथे मला खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे आठवतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर यांची हत्या झाली. या बापाने कायद्याची वाट धरली. आरोपींना शिक्षा झाल्या. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. परंतु अॅट्रॉसिटी कायदा ना खालच्या कोर्टाने लावला, ना वरच्या. ज्या जातीमुळे घर संपले, ती जात निकालात गुन्ह्याचे कारण ठरली नाही. २०१७ साली भैयालाल वारले.

थरारकथेला असा बाप चालत नाही. त्याच्या हाती बंदूक नसते, त्याच्या कहाणीला टाळ्यांचा शेवट नसतो. आपल्या लेखकांनी सूडाचे आयते साचे उचलण्याआधी तारखांना खेटे घालणाऱ्या या माणसाचा संताप समजून घ्यावा. तो लिहिणे कठीण आहे. पण आपण नाही लिहिला, तर दुसरे कोण लिहिणार?