हेल, रंग आणि हशा

‘पडोसन’ आला 1968 साली. त्यातली गाण्याची जुगलबंदी आजही कुठे लागली की हात थबकतो, आणि तिच्यातल्या कारागिरीबद्दल वादच नाही. राहुल देव बर्मन यांचे संगीत, किशोरकुमारचा धुमाकूळ, मेहमूदच्या तोंडी मन्ना डे यांचा कसलेला आवाज. पण तिथे नक्की काय घडते, ते एकदा शांतपणे पाहायला हवे. मेहमूदचा मास्टर पिल्लई हा खरा गवई आहे, शिकलेला आहे. समोर खिडकीत उभा असलेला सुनील दत्तचा भोला नुसते ओठ हलवतो. गातो त्याच्या मागे लपलेला किशोरकुमार. म्हणजे कथेच्या हिशेबाने फसवणूक भोला करतो आणि हरतो तो विद्वान. तरीही सारे थिएटर भोलाच्या बाजूने असते, कारण शेंडी, कपाळावरचे पट्टे आणि तो ओढूनताणून आणलेला तमिळ हेल यांनी पिल्लईची विद्या आधीच हास्यास्पद करून ठेवलेली असते. त्याच्यावर अन्याय झाला, हे आपल्या लक्षातच येत नाही.

वांशिक किंवा प्रांतिक ठशावरचा विनोद निरुपद्रवी असतो का, या प्रश्नाला माझे उत्तर या एका प्रसंगातून सुरू होते. असा विनोद माणसाला दुखावतो, हे खरेच आहे. पण त्याहून वाईट म्हणजे त्या माणसाचे दुखणे बघणाऱ्याला दिसेनासे होते.

त्याच दशकात त्याच मुंबईत दुसरीकडे काय चालले होते तेही आठवू. 1960 साली बाळ ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झाले. त्यांची रेषा जोरकस होती. मराठी व्यंगचित्रकलेत त्यांचे स्थान कोणी नाकारणार नाही. मराठी तरुणाला नोकरी मिळत नाही, हा प्रश्नही खरा होता. पण ‘मार्मिक’ने त्या प्रश्नाला जो चेहरा दिला तो लुंगीवाल्याचा. कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या जात. दाक्षिणात्यांना हिणवणारा ‘यंडुगुंडू’ हा शब्द घरोघरी पोचला. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली, ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा रस्त्यावर आली आणि उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. व्यंगचित्रामुळे दगड पडले, असे सरळ सूत्र मी मांडत नाही. राजकारणाला स्वतःची कारणे असतात. परंतु ज्याच्या हॉटेलाची काच फुटली तो मंगळूर-उडुपीकडून आलेला, पहाटे चारला उठून पीठ वाटणारा कष्टकरी आहे, हे रस्त्यावरच्या पोराला दिसले नाही. त्याला दिसली लुंगी, आणि लुंगीला हसायची सवय त्याला आधीच लागलेली होती. ठाकऱ्यांबरोबर ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रे काढणारे आर. के. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे होते, ही गोष्ट इथे मला फार बोलकी वाटते. शेजारी बसून काम करणारा माणूस माणूस असतो; यादीतले नाव नसते.

“गंमत आहे, मनावर काय घ्यायचे?” असे म्हणणाऱ्यांना मानसशास्त्राने एक नेमके उत्तर दिले आहे. थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग सांगतात की हिणवणारा विनोद भल्या माणसाला एका दिवसात दुष्ट करत नाही. ज्याच्या मनात अढी आधीपासून आहे, त्याला मात्र तो मोकळीक देतो. बायकांना हिणवणारे विनोद ऐकवल्यानंतर बायकांविषयी आकस असलेले पुरुष स्त्रियांच्या संस्थेला पैसे द्यायला जास्त हात आखडता घेतात. तेच म्हणणे विनोद न करता गंभीरपणे ऐकवले तर तसा परिणाम दिसत नाही. इथे सगळे हसताहेत, म्हणजे इथे असे वागलेले चालते, एवढा निरोप त्या हशातून पोचतो. प्रयोग बायकांवरच्या विनोदाचा असला तरी तो निरोप जात, रंग, प्रांत यांनाही तसाच लागू पडतो. अमेरिकेत 1830च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ नावाचे सोंग नाचवू लागला. पुढे काळ्या लोकांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ देणाऱ्या कायद्यांना त्याच सोंगाचे नाव पडले. हशा आणि कायदा यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे मोठे नसते.

आपल्याकडचे अलीकडचे दोन प्रसंग. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याच्या रंगवलेल्या केसांची टिंगल झाली, तो चिडला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हिणवणुकीसाठी दंडविधानात स्वतंत्र तरतूद करण्याची शिफारस केली. दुसरा प्रसंग 2016चा. ‘पार्च्ड’ चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एका हिंदी विनोदी कार्यक्रमात गेलेल्या अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी यांना त्यांच्या सावळ्या रंगावरून, लहानपणी किती जांभळे खाल्लीस अशा धर्तीचे विनोद ऐकावे लागले आणि त्या उठून निघून आल्या. त्यांना त्या वेळी जे सांगण्यात आले ते सगळ्यांच्या परिचयाचे आहे: हा तर ‘रोस्ट’ आहे. रोस्टमध्ये माणसाच्या करणीची चेष्टा होते. कातडीचा रंग ही करणी नव्हे. त्या कार्यक्रमाच्या लेखकांना हा साधा भेद सुचला नाही, आणि सुचला नाही म्हणूनच तो विनोद म्हणूनही भिकार होता.

मराठी प्रेक्षकाला ही व्यथा कळायला वास्तविक वेळ लागू नये. हिंदी पडद्यावर मराठी माणूस कोण असतो? धुणे-भांडी करणारी बाई, पोटाला पट्टा घट्ट न बसणारा हवालदार. लक्ष्मीकांत बेर्डे 1988च्या ‘अशी ही बनवाबनवी’त अवघ्या महाराष्ट्राचा लाडका होता, पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’त तो नोकर झाला आणि ‘हम आपके हैं कौन’मध्येही नोकरच राहिला. याचा राग आपल्याला येतो, आणि तो रास्त आहे. मात्र तोच राग आपल्या स्किटमधल्या भय्याच्या, अण्णाच्या, नेपाळी गुरख्याच्या बाबतीत कुठे जातो, हे मला आजवर समजलेले नाही.

मग दुसऱ्या समाजाच्या बोलीवर, लकबीवर हसायचेच नाही का? असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे केले तर मराठी विनोदाचा निम्मा ऐवज फेकून द्यावा लागेल, आणि तो ऐवज फार मोलाचा आहे. पु. ल. देशपांडे यांचे रावसाहेब आठवा. बेळगावचे हे गृहस्थ कानडी वळणाचे मराठी बोलतात, लिंगवचनांची पार दाणादाण उडवतात, शिव्यांशिवाय वाक्य पुरे करत नाहीत. आपण पोट धरून हसतो. पण पहिल्या दोन पानांतच कळते की नाटक आणि गाण्यावर या माणसासारखा जीव टाकणारा दुसरा नाही, की त्याच्या मोठमोठ्याने बोलण्याआड एक हळवा गडी आहे. हेल तोच राहतो, पण हसण्याची जात बदलते. पुलंच्याच पेस्तनकाकांचेही तेच: पारशी बोलण्याची नक्कल हे तिथे दार आहे, घर नव्हे. ‘पडोसन’मध्ये या दारापलीकडे काहीच नाही.

गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक तर याच्याही पुढे गेले. 1980च्या आधी मराठी रंगभूमीवर मालवणी ऐकू यायची ती बहुधा गड्यामाणसाच्या तोंडून, हशा मिळवण्यापुरती. ‘वस्त्रहरण’मधून मच्छिंद्र कांबळींनी ती नाटकाच्या मध्यभागी आणली. गावातल्या दशावताराची, नाटकवेड्या मंडळींची यथेच्छ टर उडते. परंतु उडवणारे त्याच मातीतले आहेत, आणि टर उडवता उडवता ते एक सबंध गाव उभे करतात. हजारो प्रयोग झाले त्या नाटकाचे. मालवणी माणूस त्यात लाजला नाही, मिरवला.

आजच्या मराठी विनोदाबद्दल माझी तक्रार आहे ती इथे. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 पासून आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून हे वाहिन्यांवरचे विनोदी कार्यक्रम घराघरांत गेले, आणि त्यांतून गावोगावचे अस्सल नट पुढे आले, हे मोठे काम झाले. वऱ्हाडी, आगरी, मालवणी बोलींना त्यांनी पडद्यावर जागा दिली. पण स्किटचे गणित कठीण असते. आठ-दहा मिनिटे हाताशी, दर आठवड्याला नवा मजकूर. पात्र कोण आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलेच पाहिजे. लेखक मग हाताला लागेल तो ठसा उचलतो: काळी बायको, जाडी मैत्रीण, कंजूष मारवाडी, ‘अय्यो’ म्हणणारा अण्णा. मोबाइलवरच्या रीलने ही मुदत आणखी घटवली. पुलंना रावसाहेब उलगडायला जी पाने मिळाली ती या लेखकांना मिळत नाहीत, हे मान्य. तरी त्याच कार्यक्रमांतली उत्तम स्किटे पाहा: ती एखाद्या कुटुंबाच्या, चाळीच्या, कचेरीच्या खऱ्या तऱ्हेवाईकपणावर उभी असतात. रंगाचा आणि प्रांताचा विनोद येतो तो बहुतेकदा मजकूर आटल्यावर.

बंदीने हे सुटणार नाही. सरदारजींवरच्या विनोदांना आळा घालावा म्हणून एका महिला वकिलाने 2015 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. लोकांनी कसे वागावे याचे नैतिक नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे 2017 मध्ये न्यायालयाने म्हटले. मला ते पटते. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू 1990 पासून एका गोऱ्या नटाच्या, हँक अझारियाच्या, आवाजात बोलत होता. ते थांबले कायद्याने नव्हे. हरी कोंडाबोलू या तेलुगू आईवडिलांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या विनोदवीराने 2017 मध्ये त्यावर माहितीपट केला. त्या हेलावरून चिडवाचिडवी सोसत मोठे झालेले कलावंत त्यात स्वतः बोलले. 2020 मध्ये अझारियाने ती भूमिका सोडली.

त्याच वर्षी निकोलस खारकोंगोर यांचा ‘अखुनी’ हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. दिल्लीत राहणारी ईशान्येकडची पोरे मैत्रिणीच्या लग्नासाठी आंबवलेले सोयाबीन घालून डुकराचे मटण शिजवू बघतात आणि त्याच्या वासापायी घरमालकिणीपासून लपत फिरतात. चित्रपट विनोदी आहे. दिल्लीकरांची खोड त्यात काढली आहेच, शिवाय नेपाळी मुलीला आपल्यात न धरणाऱ्या ईशान्येच्या मंडळींचीही. असा विनोद आपल्याकडेही घडू शकतो. मुंबईत, ठाण्यात, पुण्यात पन्नास-साठ वर्षे राहिलेली तमिळ, तुळू, भोजपुरी घरे आहेत; त्यांची तिसरी पिढी आपल्यासारखेच मराठी बोलते, मराठी शाळांतून शिकली आहे. त्या घरांतल्या मुलांनी लिहिलेली स्किटे आपल्या वाहिन्यांवर यायला हवीत, आणि त्यांत आपल्यावरही हसलेले असायला हवे.